मांजरीची पिल्ले आणि आपली जीवदया

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत ‘जीवदया’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टच्या स्थापनेचा समारंभ झाला, त्या दिवशी मी शाळकरी मुलगा होतो आणि मांडवात उकाळलेले पाणी वाटण्याचे काम माझ्याकडे होते. आज त्याच ट्रस्टच्या व्यासपीठावर मला बोलावयास सांगितले आहे, हा वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद समजतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, धंदा कापडाचा. शास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. बोलण्यात आज्ञाविरुद्ध काही आल्यास आधीच मिच्छामि दुक्कडम् म्हणून ठेवतो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी गोशाळा, चारा छावणी, पांजरापोळ आणि कबुतरांच्या दाण्याविषयी फार चांगले विचार मांडले. मी मात्र मांजरीविषयी बोलणार आहे. काही जणांच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. हरकत नाही. गाय आणि कबुतर यांच्याविषयी आपल्या समाजात मतभेद नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी बोलणे सोपे असते. मांजरीचे तसे नाही. ती आपल्या घरी असते, दुकानी असते, गोदामात तर असतेच असते; पण ती कोणाची, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात.

आमच्याकडे ती कशी आली ते सांगतो. कापडाच्या व्यापाऱ्याचा उंदराशी संबंध जन्माचा. गाठ फोडून थान उलगडावे आणि घडीच्या मधोमध आरपार भोक निघावे, हा अनुभव येथे बसलेल्या प्रत्येक कापड व्यापाऱ्याला आहे. विष घालणे आपल्याला वर्ज्य. वडील पिंजरा लावीत आणि सकाळी उंदीर नाल्यापलीकडे सोडून येत. दुसऱ्या दिवशी तोच उंदीर परत आला आहे, अशी आम्हा मुलांची खात्री असे. मग १९९४ चा सप्टेंबर महिना उजाडला. सुरतेत प्लेगची बातमी फुटली. आपला बहुतेक माल सुरतेचा, आणि तेथून जीव घेऊन निघालेली माणसे सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांना लटकून येत होती. त्या दिवसांत मेलेला उंदीर दिसला की माणसाच्या तोंडचे पाणी पळे. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या गोदामात एक करड्या रंगाची मांजर वावरू लागली. आम्ही तिला पाळली असे कोणी म्हणू नये. ती आली, एवढेच. वडिलांनी वाटीभर दूध ठेवावयास सांगितले आणि त्या दिवसापासून उंदरांचा प्रश्न आम्ही डोळ्याआड केला.

बंधूंनो, या व्यवहाराकडे मी अनेक वर्षांनी हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले. उंदीर मारण्याचे पाप आम्हाला आमच्या नावावर नको होते, म्हणून ते मांजरीच्या खात्यावर टाकले. वाटीभर दूध ही मजुरी. वर पुन्हा त्या दुधाची नोंद आम्ही जीवदयेत धरीत होतो. मांजर डोळे मिटून दूध पिते आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे समजते, ही म्हण मांजरीची असली तरी लागू आम्हाला पडत होती.

पुढे तिला पिल्ले झाली. त्या पिल्लांपैकी एक मांजर राहिली, तिला पिल्ले झाली. वर्षातून दोनदा, एखाद्या वर्षी तीनदाही. मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरविते म्हणतात. आमच्या गोदामात सात घरांची जागा गाठींच्या मागे मिळत असे. महिना-दीड महिन्याची झाली की पिल्ले गाठींवर नखे मारू लागत, घाण करीत. साडीच्या गाठीला तो वास लागला की गेला माल. मग कोणीतरी म्हणे, पिल्ले दूर सोडून या. हे सोडून येणे प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत चालते आणि त्यासाठी ठरलेल्या जागा असतात. आपल्याकडे गावाबाहेर मिरचीच्या पथारी आहेत, बाजार समितीचे आवार आहे, महामार्गावरचे ढाबे आहेत. ‘तेथे त्यांना खायला मिळेल’ हे वाक्य सोबत असते. ते वाक्य मीही उच्चारले आहे.

२००३ सालच्या पर्युषणातील गोष्ट आहे. गोदामात चार पिल्ले झाली होती. दुसऱ्या दिवशी माल उतरायचा होता, म्हणून मी हमालदादाच्या हातात गोणी दिली आणि चहापाण्याला दहा रुपये दिले. त्यांनी गोणीत डोकावून पाहिले आणि अहिराणीत म्हणाले, “शेठ, त्यास्ना डोया बी उघडेल नहीत.” मी उत्तर दिले नाही. प्रतिक्रमणाला उशीर होत होता.

रात्रभर पाऊस झाला. मांजरीने गोदामाच्या पत्र्यावर जो आवाज लावला तो तीन रात्री थांबला नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः पथारींच्या बाजूला गेलो. गोणीचे तोंड सैल बांधलेले होते. हमालदादांनी आपल्या परीने तेवढी दया केली होती. आत काय होते ते या मंगल प्रसंगी सांगत नाही. परत येऊन मी आंघोळ केली आणि दुकान उघडले. संवत्सरीच्या दिवशी लहानमोठ्या सर्वांना हात जोडून क्षमा मागितली. व्यापाऱ्यांना मागितली, उधारी बुडविणाऱ्याला मागितली, भावाला मागितली. ती मांजर मात्र गल्ल्याखाली बसून होती आणि तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

हे मी माझ्या सौ. व्यतिरिक्त आजवर कोणाला सांगितले नव्हते.

त्यानंतर मी या विषयावर आपल्या ग्रंथांत काय आहे ते जाणकारांकडून समजून घेऊ लागलो. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात ऐकतो : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. आश्रित जीवाचे अन्नपाणी तोडणे हा त्यांतला पाचवा. डोळे न उघडलेल्या पिल्लाचे अन्न म्हणजे आईचे दूध. ते तोडून त्याला पथारीवर नेऊन ठेवणे म्हणजे आणखी काय असते? आपण त्याला ‘सोडणे’ म्हणतो. पक्षी पिंजऱ्यातून सोडणे आणि पिल्लू आईपासून सोडणे यांना एकच क्रियापद लागते म्हणून दोन्ही अभयदान होत नाहीत.

मग उपाय कोणता? वैद्यकशास्त्र सांगते, शस्त्रक्रिया. येथे आपल्यासारख्यांचे पाऊल अडते आणि ते अडावे हेही योग्यच आहे. याच पाच अतिचारांत छविच्छेद आहे, म्हणजे अवयव छेदणे. पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म आहे. जनावरांचे खच्चीकरण करण्याचा धंदा श्रावकाला निषिद्ध आहे. आमच्या एका ज्येष्ठ श्रावकांनी मला हेच ऐकविले आणि त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याच पंधरांत आणखी एक नाव आहे, असतीपोषण. हिंसक प्राणी फायद्यासाठी पोसणे हा त्याचा एक अर्थ जाणकार सांगतात आणि श्रीहेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्या यादीत मांजरीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे उंदरांसाठी गोदामात मांजर बाळगणारा मी पहिल्याच पायरीवर चुकलेला होतो. निर्लांछनाचा प्रश्न मला पडला तो असतीपोषण करून झाल्यावर!

एका चातुर्मासात मी साध्वीजी भगवंतांना हे सर्व सांगितले. त्यांनी शस्त्रक्रियेला होकार दिला नाही. साधुजीवनाच्या मर्यादेत तो मिळणार नव्हताच. त्यांनी इतकेच विचारले की मांजर ठेवलीच कशासाठी होती. घरी येईपर्यंत त्या एका प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही.

माझे स्वतःचे मत, एका गृहस्थाचे मत म्हणून सांगतो. संकल्पी हिंसा, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे जे चार भेद आपल्याला शिकविले जातात, त्यांत गृहस्थाची सुटका सर्वांतून होत नाही. त्याने विवेकाने कमीत कमीची बाजू घ्यावयाची असते. भूल देऊन एकदा केलेली, दहा दिवसांत भरून येणारी जखम एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे गोणीत, चाकाखाली आणि कुत्र्यांच्या तोंडी जाणारी पिल्ले ठेवा. मी शस्त्रक्रियेला पुण्य म्हणत नाही. ती खर्चाच्याच बाजूला लिहितो. पण लिहितो. गोणीचा खर्च आपण कोणत्याच पानावर लिहीत नाही, हे माझे दुखणे आहे.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय मला करमत नाही. मांजर सुमारे दोन महिने गाभण असते. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की, कधी त्याहीआधी, माजावर येते. आधीची पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. एका वेळी तीन ते पाच पिल्ले हा सर्वसाधारण हिशेब. आता चक्रवाढ लावा. एक मादी, दर सहामाहीला चार पिल्ले, त्यांत दोन माद्या, आणि त्या पुढच्या सहामाहीत आई होणार. पहिल्या सहामाहीअखेर माद्या तीन, दुसरीअखेर नऊ, तिसरीअखेर सत्तावीस, दोन वर्षांअखेर एक्क्याऐंशी. बोके त्याहून एकाने कमी. एका मांजरीचे दोन वर्षांत १६१ होतात.

आपण म्हणाल, शेठ, हे कागदावरचे आहे; गावात एवढी मांजरे कोठे दिसतात? बरोबर आहे. दिसत नाहीत. ताळेबंद जुळतो, कारण उरलेली मेलेली असतात. काही उपासमारीने, काही आजाराने, काही रस्त्यावर. निसर्गाने संख्या आवरली असे आपण सहज म्हणून जातो. रानात ते खरे असेल. गोदामातल्या मांजरीला दूध आपण घालतो, आडोसा आपण देतो, पिल्ले आपल्या आधाराने वाढवू देतो आणि नेमके मरणाच्या वेळी मात्र निसर्गाला पुढे करतो.

२०११ साली आमच्या गोदामातल्या मांजरीवर, नातवंडे तिला मनी म्हणत, मी शस्त्रक्रिया करून घेतली. आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचे. तेथील डॉक्टरांनी मला प्रामाणिकपणे सांगितले की मांजरीच्या शस्त्रक्रियेची नेहमीची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. म्हणून सुरतेला माल खरेदीस जाताना तिला वेताच्या टोपलीत बांधून गाडीत घातली. नवापूर येईपर्यंत तिने जे ओरडून घेतले, त्यापुढे सुरतेच्या आडत्यांची घासाघीस मला त्या दिवशी सौम्य वाटली. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे तिला काही तास उपाशी ठेवले होते. भूल देऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. खर्च, त्या वेळच्या भावाने, दोन बऱ्या काठापदराच्या साड्यांइतका आला. गोदामामागच्या खोलीत दहा दिवस तिला कोंडून ठेवली, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात पुठ्ठ्याची कॉलर, सौ. स्वतः दोन वेळ औषध देत असत. सोळाव्या दिवशी मनी पुन्हा गाठींवर चढली.

बोक्याची शस्त्रक्रिया याहून पुष्कळ सोपी आणि स्वस्त असते. ती झाल्यावर त्याचे रात्रीबेरात्री भटकणे, भांडणे आणि दारोदार मुतणे बरेच कमी होते. वय पाच-सहा महिन्यांचे झाले की पहिला माज येण्याची वाट पाहू नये, असे डॉक्टर सांगतात. ‘एकदा तरी आई होऊ द्यावे’ ही आपल्या माता-भगिनींची भावना मी समजू शकतो. पण तिच्या प्रकृतीला त्याची गरज नसते. आणि त्या एका वेळची चार पिल्ले ठेवणार कोण, याचे उत्तर त्याच भगिनींकडे मी मागितले, तेव्हा घरात दोन दिवस माझ्याशी कोणी सरळ बोलले नाही. असो.

मनी त्यानंतर अकरा वर्षे जगली. २०२२ मध्ये ती गेली.

आता एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. मांजर दूध-पोळीवर जगते हा आपल्या घराघरांतला समज चुकीचा आहे. मांजर ही शरीररचनेनेच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिला अन्नातून मिळावाच लागतो आणि तो मांसात असतो. तो न मिळाल्यास तिची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूधही पचत नाही, जुलाब होतात. आपली मांजर आपल्या दूध-पोळीवर धष्टपुष्ट दिसते, कारण उरलेले जेवण ती बाहेर जाऊन करून येते. ते जेवण म्हणजे उंदीर, चिमणी, सरडा. तिला दारे-खिडक्या लावून शुद्ध शाकाहारी ठेवावयाची म्हटले तर ती उपासमार होते, आणि बाहेर सोडावयाची म्हटले तर ती शिकार करते. बाजारात मिळणाऱ्या मांजराच्या तयार खाद्यातही बहुधा मांस-मासळी असते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की जैन कुटुंबाने हौस म्हणून मांजर आणूच नये. हे ऐकून तरुण मंडळी नाराज होतील. पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेल्या आपल्या मुलांमध्ये पर्शियन मांजराची आवड वाढली आहे. लांब केसांचे पिल्लू हजारो रुपये देऊन आणतात. मग बदली होते, लग्न ठरते, बाळ होते, आणि ते मांजर आजी-आजोबांकडे नंदुरबारच्या उन्हाळ्यात पाठवून दिले जाते. ज्याचे केस रोज विंचरावे लागतात, ज्याला गारवा लागतो, तो जीव येथे मे महिन्यात काय भोगत असेल! मांजर चौदा-पंधरा वर्षे जगू शकते. तेवढ्या मुदतीचे कर्ज काढताना आपण दहा वेळा विचार करतो.

पण आपोआप आलेल्या मांजरीचे काय? तिला हाकलावे असे मी म्हणत नाही. दिल्लीला लाल किल्ल्यासमोर लाल मंदिरात जैन समाजाने चालविलेले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. आपल्यापैकी अनेकांनी यात्रेत ते पाहिले असेल. तेथे शाकाहारी पक्षी दाखल करून घेतात. घार, गिधाड यांसारख्या मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, परंतु इतरांसोबत ठेवीत नाहीत. मला त्या व्यवस्थेत मोठे शहाणपण दिसते. उपचार नाकारले नाहीत आणि आपली मर्यादाही लपविली नाही. दारी आलेल्या मांजरीबाबत आपण तसेच वागू शकतो. तिला पाणी द्यावे, आजारी असेल तर औषध द्यावे, रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि तिची वाढ तिच्यापुरती थांबवावी. लसीचे महत्त्व विशेष सांगतो, कारण रेबीज कुत्र्यालाच होतो असा समज आहे. मांजराच्या चाव्याने आणि ओरखड्यानेही तो होऊ शकतो. ओरखडा आला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद लावून बसू नये.

आपल्या जिल्ह्याने प्राण्यांच्या रोगाचा अनुभव घेतलेला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू निघाला; भारतात त्याची नोंद तेथे प्रथम झाली आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. त्या दिवसांची आठवण आजही अंगावर काटा आणते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही या रोगाचा विषाणू आढळला. मेलेला पक्षी मांजर खाते, आणि मांजर आपल्या नातवाच्या मांडीवर बसते. कोंबड्यांच्या शेडजवळ पिल्ले ‘सोडून’ येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दयेचा अतिरेकही दया राहत नाही, याचे उदाहरण त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या हडपसर भागात घडले. एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे ठेवलेली आढळली. शेजाऱ्यांनी दुर्गंधीची आणि आवाजाची तक्रार केली आणि मांजरे हलविण्याचा आदेश निघाला. वर्तमानपत्रांतून त्या घरातील मंडळींची पुष्कळ चेष्टा झाली. मी चेष्टा करू शकलो नाही. रस्त्यावरचे पिल्लू पाहून ज्याला राहवत नाही, त्याचे पाऊल त्या दिशेने पडू शकते. परंतु आपल्या परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र, वास्तु, सुवर्ण, धान्य यांच्याबरोबर ‘चतुष्पद’ हेही मोजावे लागते, हे आपण विसरतो. गाई-घोडे मोजण्याचा काळ गेला म्हणून तो रकाना आपण कोरा सोडतो. आपल्या दारच्या मांजरांची संख्या त्यात लिहावयास काय हरकत आहे?

कायद्याचेही दोन शब्द. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. जनावराला उपासमार वा तहान भोगावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा त्याच्या कलम ११ प्रमाणे अपराध आहे. त्या वेळी पहिल्या अपराधाला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. मी हमालदादांना दिलेली रक्कम आणि कायद्यातला किमान दंड एकच निघाला, हे पाहून मी ते पुस्तक मिटले.

मोठ्या शहरांत आता व्यवस्था उभी राहत आहे. मुंबई महानगरपालिकेने २०१९ च्या सुमारास भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणास सुरुवात केली. कुत्र्यांसाठीचे नियम तर २००१ पासूनचे. आपल्यासारख्या गावांत पालिकेची वाट पाहत बसलो तर मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणीच येणार नाही. पण व्यापारी समाजाने पूर्वी अशी वाट पाहिली नव्हती. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतील भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा शहरात दंगल उसळली, दुकाने बंद झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून घेतला. रागाचे रूपांतर त्यांनी संस्थेत केले. पण पांजरापोळीत मांजरीचे आयुष्य नीट जात नाही. ती गाईसारखी कळपात राहणारी नाही. तिच्यासाठी आपल्याला वेगळी रीत बसवावी लागेल.

या संदर्भात मी विश्वस्त मंडळापुढे गेल्या वर्षी एक अर्ज ठेवला होता. जीवदया निधीतून वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर, बाहेरून पशुवैद्य बोलावून मांजरांच्या शस्त्रक्रियेचे शिबिर घ्यावे, अशी विनंती होती. तिच्यावर दोन बैठकांत चर्चा झाली. निर्लांछनाचा आक्षेप आला आणि अर्ज स्थगित राहिला. कोणावर रोष नाही. ज्यांनी विरोध केला त्यांच्या मनात पापभीरूपणा होता, आणि तो आहे म्हणूनच हा समाज टिकला आहे. ट्रस्टच्या पैशातून हे होऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांच्या भावनेचा मान ठेवून मी अर्जात एक दुरुस्ती सुचवितो. निधी वेगळा असावा, तो फक्त संमती देणाऱ्या दात्यांच्या पैशाचा असावा, आणि त्याचा हिशेब जीवदया निधीच्या पानावर न दाखविता स्वतंत्र दाखवावा. त्या स्वतंत्र पानावरची पहिली रक्कम मी आज लिहून देत आहे. आणि ज्यांना शस्त्रक्रिया मान्यच नाही, त्यांनी दुसरे काम अंगावर घ्यावे. गोदामाची फरशी आणि भिंती बुजवून उंदरांना वाट ठेवू नये, गाठी जमिनीपासून हातभर उंच लाकडी फळ्यांवर रचाव्यात, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे. उंदीर आत आला नाही तर मांजर ठेवण्याचे कारण उरत नाही. हे आम्ही २०१२ साली केले. तेव्हाच केले असते तर, असे मनात येते.

होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारासाठी डोंगरातील गिऱ्हाईक येऊ लागले की आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतही गेल्या वर्षी एक शाळकरी मुलगी ओढणीत पिल्लू गुंडाळून आली आणि म्हणाली, “काका, तुमच्याकडे मांजरीचा पिंजरा मिळतो म्हणे.” कापडाच्या दुकानाची अशी कीर्ती झालेली पाहून चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. तरी पिंजरा दिला.

असे दोन पिंजरे दुकानामागच्या खोलीत आहेत. एक मोठा, एक लहान. किल्ली दिवाणजींकडे असते. मी सुरतेला खरेदीस जातो तेव्हा गाडीत एका टोपलीची जागा नेहमी असते. ज्यांना मांजर पाठवावयाची असेल त्यांनी दोन दिवस आधी कळवावे आणि निघायच्या आदल्या रात्रीपासून तिला काय खाऊ घालावे वा घालू नये, हे मला विचारून घ्यावे. मागच्या खेपेस एका भगिनीने प्रेमाने तिला बासुंदी पाजून पाठविली होती आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली.